साडेतीन फुटांवरून दिसणारे जग

संपादक मंडळाचा निरोप आला, की यंदाच्या स्मरणिकेसाठी लसीकरण, बालकांचा लठ्ठपणा आणि परीक्षेचा ताण हे विषय सोडून काहीतरी लिहावे. गेली अनेक वर्षे या तीन विषयांवर मीच वाचकांना उपदेश करीत आलो असल्याने ही सूचना मला रास्तच वाटली. तेव्हा यंदा एका जुन्या छंदाविषयी लिहितो. छंद आहे जुन्या हॉलीवूडपटांचा. आणि त्यातही नटनट्यांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भिंतींचा. हा छंद फिरून फिरून अखेर माझ्या दवाखान्यातच कसा येऊन पोहोचला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

१९९५ साली आपल्याकडे केबलवर एक नवी वाहिनी आली. दिवसभर तिच्यावर कार्टून चालत आणि रात्री तीच वाहिनी टीएनटी या नावाने जुने अमेरिकन चित्रपट दाखवीत असे. मी त्या वेळी बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो. आमच्या ड्यूटीरूममध्ये कोणीतरी दान केलेला एक जुना टीव्ही होता. दोन बोलावण्यांच्या मधल्या वेळात मी त्याच्यापुढे बसे. झोपलेल्या सहकाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आवाज बंद ठेवावा लागे. एकही चित्रपट सलग बघायला मिळाला नाही. कधी सुरुवात हुकायची, कधी शेवट. संवाद ऐकू येत नाहीत, कथा ठाऊक नाही, अशा स्थितीत माणूस काय बघणार? मी खोल्या बघू लागलो. जिने, दारे, खिडक्या, छत, टेबलाची उंची. हळूहळू लक्षात आले, की आवाज नसतानाही त्या खोल्या बरेच काही सांगत आहेत. कोण कोणाला भितो, कोण एकटा आहे, कोणाच्या हाती सत्ता आहे, हे पात्रांनी तोंड उघडण्याआधीच खोलीने सांगून टाकलेले असते.

त्या रात्रींपैकी एक दृश्य आजही डोळ्यांपुढे आहे. ‘सिटिझन केन’ या १९४१ च्या चित्रपटातले. बाहेर बर्फात एक मुलगा एकटाच खेळतो आहे. कॅमेरा मागे सरकतो, तेव्हा कळते की आपण त्याला खिडकीतून बघत होतो. कॅमेरा आणखी मागे येतो आणि एका टेबलापाशी थांबतो. टेबलाशी त्याची आई आणि शहरातून आलेला एक सावकारी चेहऱ्याचा गृहस्थ बसले आहेत. वडील अस्वस्थपणे उभे आहेत. मुलाला कायमचे घराबाहेर पाठवण्याच्या कागदांवर सह्या होत आहेत. मुलगा मात्र खिडकीच्या चौकटीत, दूरवर, एवढासा दिसतो. मध्येच वडील खिडकी लावून घेतात आणि मुलाचा आवाज तुटतो. आई ती पुन्हा उघडते. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होत आहे तो दृश्याच्या अगदी मध्यभागी आहे. पण त्याला कोणी काही विचारत नाही.

हे दृश्य दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांच्या नावावर सांगितले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु ती बुटकी खोली, ती बरोबर त्या जागी असलेली खिडकी आणि ते टेबल तिसऱ्याच माणसाने आखले होते. त्याचे नाव पेरी फर्ग्युसन. कॅमेरा मागे येताना वाटेत टेबल आडवे येणार, म्हणून कॅमेरा गेल्यावर ते झटकन जागेवर सरकवले गेले. बारकाईने पाहिले तर टेबलावर ठेवलेली हॅट अजून किंचित हलताना दिसते. कॅमेऱ्याने खालून वर पाहिले तरी छत दिसावे, यासाठी या चित्रपटातील कित्येक खोल्यांना ताणलेल्या कापडाची छते केली होती.

पडद्यामागचा चित्रकार

आपल्याला ‘नेपथ्य’ हा शब्द नाटकामुळे परिचित आहे. रंगवलेल्या पडद्यांच्या त्या परंपरेतूनच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रपटाकडे वळले, हे आपण जाणतोच. हॉलीवूडमध्ये या कामाला प्रारंभी कलादिग्दर्शन म्हणत. प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतंत्र कला विभाग असे. त्यात वास्तुशास्त्राचे पदवीधर, आरेखक, सुतार, रंगारी, प्लास्टरकाम करणारे असे शेकडो लोक काम करीत. विभागप्रमुखाचे नाव स्टुडिओच्या बहुतेक चित्रपटांवर झळके. एमजीएमचे सेड्रिक गिबन्स हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ऑस्करची ती सोनेरी मूर्ती त्यांनीच आरेखित केली आणि पुढे स्वतः अकरा वेळा पटकावली. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयात प्रत्येक केसपेपरवर विभागप्रमुखाचे नाव छापलेले असते, पण रात्री जागतो तो निवासी डॉक्टर. तिथलीही व्यवस्था फारशी वेगळी नव्हती.

‘प्रॉडक्शन डिझाइन’ ही संज्ञा मात्र एका माणसामुळे रूढ झाली. विल्यम कॅमेरॉन मेंझीस हे त्यांचे नाव. स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात १८९६ साली जन्मलेला हा चित्रकार. डग्लस फेअरबँक्स यांच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) या मूकपटासाठी त्यांनी अरबी कथांतले संपूर्ण शहर उभे केले. चकचकीत जमिनीत इमारतींची प्रतिबिंबे पडून ते नगर अधांतरी तरंगते आहे असा भास होई. १९२९ साली ऑस्कर पारितोषिके प्रथमच दिली गेली, तेव्हा कलादिग्दर्शनाचे पहिले पारितोषिक मेंझीस यांना मिळाले.

पुढे निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी ‘गॉन विथ द विंड’ हाती घेतला. कादंबरी अवाढव्य, रंगीत चित्रीकरण अतिशय महाग, आणि दिग्दर्शक बदलणार हे जणू विधिलिखित. जॉर्ज क्यूकर गेले, व्हिक्टर फ्लेमिंग आले, ते दमल्यावर काही काळ सॅम वुड यांनी काम पाहिले. तरीही १९३९ चा हा चित्रपट एकाच हाताने रंगवल्यासारखा दिसतो. याचे कारण, चित्रीकरणापूर्वीच मेंझीस यांनी संपूर्ण पटकथा चित्रांतून मांडून ठेवली होती. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगात कॅमेरा कोठे असेल, आकाशाचा रंग कोणता असेल, काळोख किती असेल, हे कागदावर ठरलेले होते. आपल्या भाषेत सांगायचे, तर शल्यविशारद बदलले तरी शस्त्रक्रियेचा आराखडा बदलला नाही. या कामाला ‘कलादिग्दर्शक’ हे पद अपुरे पडते असे सेल्झनिक यांना वाटले आणि श्रेयनामावलीत या निर्मितीचे डिझाइन मेंझीस यांचे, असा स्वतंत्र उल्लेख आला. कलादिग्दर्शनाचे ऑस्कर लाइल व्हीलर यांना मिळाले; मेंझीस यांना रंगांच्या नाट्यपूर्ण वापरासाठी विशेष सन्मान देण्यात आला.

अटलांटा शहर जळते तो प्रसिद्ध प्रसंग १० डिसेंबर १९३८ च्या रात्री चित्रित झाला. जळत होते ते अटलांटा नव्हतेच. स्टुडिओच्या मागील मैदानात जुन्या चित्रपटांचे सेट पडून होते. नव्या बांधकामासाठी जागा तर मोकळी करायचीच होती. त्यांना वरून नवे मुखवटे चढवून आग लावण्यात आली. त्यात ‘किंगकाँग’मधला तो प्रचंड तटही जळाला. पाडकाम आणि चित्रीकरण एकाच खर्चात उरकले. असा हिशेबीपणा या कलेच्या रक्तातच आहे.

डॉक्टर म्हणून मला या चित्रपटातले दोन प्रसंग विशेष वाटतात. पहिला रेल्वे स्थानकाचा. मेलनीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या आहेत आणि स्कार्लेट डॉ. मीड यांना शोधत स्थानकावर येते. कॅमेरा तिच्यापासून वर वर जाऊ लागतो. आधी दहा-वीस जखमी दिसतात, मग शंभर, मग जमीनच दिसेनाशी होते. शेवटी दृश्याच्या कडेला एक फाटका ध्वज येतो. त्या जखमींमधील बरेच जण माणसे नव्हती, पुतळे होते. जवळच्या जिवंत कलाकाराने हळूच हलवायचे, अशी योजना होती. पण बघणाऱ्याला डॉ. मीड यांची अगतिकता पुरती कळते. एवढ्या मरणासन्न माणसांना टाकून एका बाळंतिणीसाठी तो डॉक्टर कसा येणार? ज्यांनी मोठ्या अपघातानंतरची कॅज्युअल्टी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरा प्रसंग प्रत्यक्ष प्रसूतीचा. डॉक्टर येत नाहीत. खोलीत उकाडा आहे, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या आहेत, फटींतून नारिंगी प्रकाश येतो आहे आणि स्त्रिया केवळ काळ्या आकृत्या आहेत. त्या काळच्या सेन्सॉरच्या नियमांत प्रसूती दाखवणे शक्यच नव्हते. मेंझीस यांनी ती दाखवलीच नाही. प्रकाश आणि झडपा यांच्यावर सोपवली. नवजात शिशूची वाट बघत कित्येक रात्री लेबररूमच्या दाराशी उभा राहिलेला मी, हे दृश्य बघताना दर वेळी नकळत घड्याळाकडे पाहतो.

मोजपट्टी आणि भावना

या कलेचे खरे साधन रंग नव्हे, मोजपट्टी आहे. ‘कॅसाब्लांका’तला (१९४२) शेवटचा विमानतळ आठवा. युद्धकाळ, त्यामुळे खऱ्या विमानतळावर असे चित्रीकरण अवघड. स्टुडिओत जागा अपुरी. म्हणून पार्श्वभूमीला लहान आकाराचे नकली विमान उभे केले, त्याच्याभोवती बुटक्या चणीची माणसे यंत्रज्ञ म्हणून वावरली आणि बाकीचे काम धुक्याने केले. विमान लहान, त्याजवळचा माणूसही लहान, म्हणजे विमान दूर आहे, असा डोळ्यांचा समज होतो. आपला मेंदू आकार मोजत नाही. तो प्रमाण बघतो. बाळाच्या वाढीचा तक्ता भरताना आपणही एका आकड्याला काही अर्थ देत नाही, तो कोणाच्या तुलनेत आहे ते पाहतो.

‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९५१) या चित्रपटात तर घराच्या भिंतीच हलल्या. कथा पुढे जाते तशी नायिका ब्लांश मानसिकदृष्ट्या कोंडीत सापडत जाते. दिग्दर्शक एलिया कझान यांनी कलादिग्दर्शक रिचर्ड डे यांच्या सेटमधील भिंतींचे तुकडे टप्प्याटप्प्याने काढून खोली लहान लहान करीत नेली. प्रेक्षकाला हे समजत नाही. त्याला फक्त गुदमरल्यासारखे होते. रुग्णाला लक्षण जाणवावे आणि कारण कळू नये, तसाच हा प्रकार.

मुलाच्या उंचीवर

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या जुन्या चित्रपटांपैकी तीन असे आहेत, की त्यांतील जग मोठ्यांसाठी बांधलेलेच नाही. ते मुलाच्या नजरेतून बांधले आहे. हे तीनही मला निवासी डॉक्टर असताना पाहायला मिळाले नाहीत. पुढे डीव्हीडी आल्यावर पाहिले.

पहिला पुन्हा मेंझीस यांचाच. ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ (१९५३). दिग्दर्शनही त्यांचे आणि डिझाइनही त्यांचे. बेताच्या खर्चात केलेला, मंगळावरून आलेल्या परक्यांचा चित्रपट. चारचौघांत त्याचे नाव घेतले तर लोक हसतील. डेव्हिड नावाचा मुलगा रात्री खिडकीतून एक तबकडी घरामागच्या वाळूत उतरून नाहीशी झालेली पाहतो. वडील शोधायला जातात आणि परततात ते बदलून. मायाळू वडील एकाएकी कठोर झाले आहेत. मानेवर एक खूण आहे. मग आईही तशीच होते. मुलगा धावत पोलीस ठाण्यात जातो.

ते पोलीस ठाणे प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने एकदा बघावे. लांबच लांब, जवळजवळ रिकामे दालन. भिंती कोऱ्या आणि नको इतक्या उंच. फर्निचर नाहीच म्हणावे इतके थोडे. समोर अंमलदाराचे उंच मेज, आणि त्यापुढे तो एवढासा मुलगा. असे पोलीस ठाणे जगात कोठेही नसेल. पण घाबरलेल्या मुलाच्या आठवणीतले पोलीस ठाणे नेमके असेच असते. मुलाला भिंतीवरचा तक्ता, कॅलेंडर, फायली आठवत नाहीत. त्याला उंची आठवते आणि अंतर आठवते. पैसे कमी होते म्हणून मेंझीस यांनी सामान कमी केले असेल. परंतु काय काढून टाकावे हे ठरवताना त्यांनी मुलाला विचारले असावे, असे वाटत राहते.

या कथेत मुलावर विश्वास ठेवणारी पहिली मोठी व्यक्ती कोण असावी? आरोग्य खात्यातील एक स्त्री डॉक्टर. ती त्याचे म्हणणे हसण्यावारी नेत नाही, ऐकून घेते. शेवटी हे सारे स्वप्न होते असे कळते. मुलगा पुन्हा झोपू पाहतो, आणि खिडकीबाहेर तबकडी पुन्हा उतरताना दिसते. मोठ्यांनी दिलासा दिला म्हणून भीती संपत नाही, हे या शेवटात आहे.

दुसरा ‘द नाइट ऑफ द हंटर’ (१९५५). अभिनेते चार्ल्स लॉटन यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. कलादिग्दर्शक हिलयार्ड ब्राउन, छायाचित्रकार स्टॅन्ली कॉर्टेझ. धर्मोपदेशकाच्या वेषातला एक खुनी दोन मुलांचा सावत्र बाप बनून येतो. मुलीच्या बाहुलीत लपवलेले पैसे त्याला हवे आहेत. सारे गाव त्याच्यावर भाळलेले. खरा माणूस फक्त लहानग्या जॉनने ओळखला आहे, आणि त्याचे ऐकणारे कोणी नाही. यातील आईची शेजखोली देवळाच्या शिखरासारखी टोकदार आहे, भोवती नुसता काळोख. मुले नावेतून पळतात तेव्हा काठावरचे बेडूक, ससे, कोळ्याचे जाळे ही मुलांहून मोठी होऊन पडद्यावर येतात. एका रात्री मुले गोठ्याच्या माळ्यावर झोपलेली असताना क्षितिजावर घोडेस्वाराची आकृती सरकते. तिथे बुटक्या माणसाला तट्टावर बसवून स्टुडिओतच ते क्षितिज निर्माण केले होते. ‘कॅसाब्लांका’तलीच युक्ती, पण तिथे ती जागा वाचवण्यासाठी होती, इथे भीती वाढवण्यासाठी आहे. हा चित्रपट त्या वेळी चालला नाही. लॉटन यांनी पुन्हा दिग्दर्शन केले नाही.

तिसरा ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६२). कलादिग्दर्शक अलेक्झांडर गोलिट्झन आणि हेन्री बमस्टेड. अलाबामातले १९३० च्या दशकातले गाव हवे होते. खरे गाव एव्हाना बदलले होते. लॉस एंजेलिसमध्ये पाडली जाणार असलेली जुनी लाकडी घरे विकत घेऊन, ती स्टुडिओच्या आवारात आणून गल्ली उभी केली. मनरोव्हिलचे न्यायालय मोजून त्याची प्रतिकृती स्टुडिओत बांधली. मुले न्यायालयाच्या वरच्या सज्जातून, कृष्णवर्णीयांच्या शेजारी बसून, आपल्या वडिलांना खाली लढताना बघतात. एरवी सदैव मान वर करून पाहावे लागणारे वडील तिथे प्रथमच वरून दिसतात. या कामाला त्या वर्षीचे ऑस्कर मिळाले.

परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. सबंध चित्रपटभर शेजारच्या रॅडलींचे घर आपण रस्त्याच्या या बाजूने, मुलांच्या बाजूने पाहतो. ते भुताचे घर आहे. अखेरीस लहानगी स्काउट त्या घरातल्या एकाकी माणसाला हात धरून घरी सोडते, त्याच्या ओसरीवर उभी राहते आणि वळून बघते. तीच गल्ली, तीच घरे, पण पलीकडून. एवढी मोठी गल्ली बांधण्याचा खर्च, माझ्या मते, त्या एका क्षणासाठी सार्थकी लागला.

टेबलाच्या पलीकडे

आता जे लिहिणार आहे ते आजवर कोठे लिहिले नव्हते. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सात वर्षांचा एक मुलगा अधूनमधून पोट दुखते म्हणून माझ्याकडे येई. शाळेत नवी बाई आली होती, वडिलांची बदली झाली होती. दोन वेळा तपासले, पोट मऊ. लघवीची तपासणी स्वच्छ. वेदना नसताना केलेल्या सोनोग्राफीत विशेष काही नाही. मी निदान करून टाकले, शाळेत जायचे नाही म्हणून दुखते. आईशी बोललो. आई टेबलाच्या पलीकडे खुर्चीत. मुलगा तिच्या मागे उभा. तिसऱ्या भेटीत तो आईचा पदर ओढत काहीतरी पुटपुटला. आई म्हणाली, “थांब रे, डॉक्टरकाका बोलताहेत ना!” मीही लिहिता लिहिता हसलो आणि जंताचे औषध, थोडे टॉनिक, शाळेच्या शिक्षिकेशी बोला, असा सल्ला दिला.

आठ-नऊ महिन्यांनी एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो तीव्र वेदना आणि उलट्या घेऊन आला. मी रजेवर होतो. त्या दिवशी ज्या सहकाऱ्याने त्याला पाहिले, त्याने खाली बसून मुलालाच विचारले, “केव्हा दुखतं रे?” मुलगा म्हणाला, “खूप पाणी प्यायलं की. सरबत प्यायलं की पण. मी मागे पण सांगितलं होतं.”

डॉक्टर वाचकांनी निदान ओळखले असेलच. डाव्या बाजूचे पी.यू.जे. ऑब्स्ट्रक्शन. मूत्रपिंडातून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडथळा असतो, पाणी अधिक प्यायले, की मूत्रपिंड फुगते आणि दुखते, मग ओसरते. वेदना नसताना केलेल्या तपासणीत ते निसटू शकते. वेदना चालू असताना केलेल्या सोनोग्राफीत फुगलेले मूत्रपिंड स्पष्ट दिसले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु त्या मूत्रपिंडाचे काही कार्य कायमचे गमावले ते गमावलेच. तो वाया गेलेला काळ माझा होता. मी त्याच्या आईवडिलांना बोलावून हे सांगितले. आईने एवढेच म्हटले, “डॉक्टर, त्याचं तर मीही ऐकलं नाही.” ही तिची उदारता होती, त्याने माझी जबाबदारी कमी होत नाही.

त्या आठवड्यात एका रात्री शेवटचा रुग्ण गेल्यावर मी दवाखान्याचे दार लावून घेतले आणि मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर, आईच्या खुर्चीच्या मागे जाऊन बसलो. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण साडेतीन फूट. माझे डोळे तेवढ्याच उंचीवर आले. मी काय पाहिले ते सांगतो. स्वागतकक्षाच्या काउंटरचा फक्त लाकडी दर्शनी भाग, म्हणजे भिंतच. आत आल्यावर खुर्चीची पाठ. टेबलाची कडा आणि तिच्यावरच्या काचेत ट्यूबलाइटची लखलख. डॉक्टरांची खुर्ची, जिच्यात बसलेला माणूस छातीपासून वरच दिसेल. आणि अगदी डोळ्यांसमोर काय? पिवळी पिशवी लावलेली बादली आणि सुई कापण्याचे यंत्र. मिकी माऊसचे चित्र मी हौसेने लावले होते. ते मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर होते.

मेंझीस यांचे ते पोलीस ठाणे मी स्वतःच्या पैशांनी बांधले होते. आणि ‘सिटिझन केन’मधले ते टेबलही माझ्याकडे होते, दोन मोठी माणसे कागदावर काही लिहीत आहेत, मुलगा मागे, मध्यभागी, आणि त्याचा आवाज तुटलेला.

पुढच्या महिन्यात सुताराला बोलावले. काउंटरचा एक भाग अडीच फुटांवर आणायला सांगितला. तो म्हणाला, “साहेब, इतकं खाली कोण वाकणार?” मी म्हटले, “ज्याला वाकायची गरज नाही त्याच्यासाठी आहे.” टेबल भिंतीला लावले, आता माझ्या आणि मुलाच्या मध्ये काही नसते. मी चाकांचे बुटके स्टूल घेतले. बादल्या पडद्यामागे गेल्या. चित्रे खाली आली. आणि एक नियम केला: बोलू शकणारे मूल असेल तर पहिला प्रश्न त्याला, उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. ते उत्तर चुकीचे असले तरी चालेल, मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही.

हे सारे केल्याने मी फार चांगला डॉक्टर झालो, असा दावा करणार नाही. सेट बदलला म्हणून नटाचा अभिनय सुधारतोच असे नाही. पावसाळ्यात, साथीच्या दिवसांत, बाहेर चाळीस रुग्ण बसलेले असताना मीही अनेकदा आईकडेच बघून प्रश्न विचारतो. पण स्टूल बुटके असल्यामुळे मान वळवली की मुलाचे डोळे समोरच येतात, आणि लाज वाटून मी थांबतो. भिंती, टेबले आणि उंची यांचे एवढेच काम. ती आपल्याला चांगले करीत नाहीत, पण वाईट वागणे थोडे अवघड करतात.

स्मरणिकेचे वाचक बहुतांशी माझे व्यवसायबंधू-भगिनी आहेत, म्हणून एक विनंती करून थांबतो. आपण बालरोगतज्ज्ञ असा वा नसा; दवाखाना बंद केल्यावर एकदा रुग्णाच्या जागी जाऊन पाच मिनिटे बसावे. मुलांचा दवाखाना असेल तर स्टुलावर, वृद्धांचा असेल तर त्या खुर्चीत, स्ट्रेचर असेल तर त्यावर आडवे होऊन. स्काउटने रॅडलींच्या ओसरीवरून आपली गल्ली पाहिली, तशी आपण आपली खोली पाहावी. काय दिसते ते कागदावर लिहून काढावे. मग सुताराला बोलवायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.